पॅनेल व्हॅनची कॅम्परव्हॅन निवडताना: आधी बिछाना, मग वजन, मग बाकीचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरात तिघं. तुमची उंची १८६ सेंटिमीटर, पत्नी मध्यम उंचीची, मुलगी नऊ वर्षांची. वर्षातून एक तीन-चार आठवड्यांची मोठी सहल, जमेल तेव्हा शनिवार-रविवार, आणि हिवाळ्यात एकदा तरी बर्फात जायचं मनात आहे. पॅनेल व्हॅनवर बांधलेली कॅम्परव्हॅनच, म्हणजे मालवाहू व्हॅनच्या आतच राहायची-झोपायची सोय केलेली गाडीच घ्यायची हे ठरलंय. पण ५.४१ मीटरची, ५.९९ मीटरची की ६.३६ मीटरची, आणि कुठल्या कंपनीच्या व्हॅनवर बांधलेली, इथे अडलंय.

या गाड्या आतून बांधणं, दुरुस्त करणं आणि घेणाऱ्यांसाठी तपासून देणं हे माझं रोजचं काम. म्हणून आधीच सांगतो, कंपनीचा प्रश्न सगळ्यात शेवटी घ्या आणि सुरुवात बिछान्यापासून करा. तिघं कुठे आणि कसे झोपणार हे ठरलं की लांबी आपोआप ठरते. लांबी ठरली की वजनाला किती वाव उरतो ते कळतं. वजन जुळलं तरच ओटा, न्हाणी, बॅटरी यांवर बोलण्यात अर्थ आहे. बहुतेक जण हा क्रम उलटा लावतात, कारण शोरूममध्ये ओटा दिसतो, दिवे दिसतात, गादीचं कापड हाताला लागतं. वजन कुठेच दिसत नाही.

पॅनेल व्हॅन म्हणजे मुळात माल वाहायची पोलादी पेटी. स्वतंत्र खोका बसवलेल्या मोटरहोम साधारण २.३ मीटर रुंद असतात, तर फियाट डुकाटोसारखी व्हॅन आरसे सोडून २.०५ मीटर. अरुंद रस्त्यावर समोरून ट्रक आला की हा पाव मीटर फार मोलाचा वाटतो. त्याची किंमत आत मोजावी लागते: भिंती वर जाताना आत झुकतात, आणि पत्रा, इन्सुलेशन, आतलं लाकूड यांत प्रत्येक सेंटिमीटरसाठी ओढाताण असते. ही ओढाताण सगळ्यात जास्त बिछान्यात जाणवते.

आडवा बिछाना, म्हणजे डोकं एका भिंतीला आणि पाय दुसऱ्या, हा सहा मीटरच्या गाड्यांत सर्रास असतो. मागे जागा कमी लागते आणि खाली सामानाला भरपूर पोकळी मिळते. पण आकडे बघा. डुकाटोत मालकक्षाची आतली रुंदी १.८७ मीटर आहे, फोक्सवॅगन क्राफ्टरमध्ये १.८३, मर्सिडीज स्प्रिंटर आणि फोर्ड ट्रान्झिटमध्ये १.७८ च्या आसपास. ही मोजणी पत्र्याच्या आतल्या बरगड्यांमधली. दोन बरगड्यांच्या मधल्या खाचेत थोडी जास्त जागा मिळते. कॅम्परव्हॅन बांधणाऱ्या बहुतेक कंपन्या वर्षानुवर्षं डुकाटो का घेतात, याचं मोठं कारण ही रुंदी आणि तिच्या जवळजवळ सरळ भिंती हेच आहे.

आता माहितीपत्रकात १.९५ मीटरचा आडवा बिछाना लिहिलेला दिसला तर तो कुठे मोजला ते विचारा. तो आकडा बहुधा खाचेपासून खाचेपर्यंतचा असतो आणि तेवढी लांबी गादीच्या एखाद्याच पट्ट्यात मिळते. शिवाय ती मिळवायला डोक्याशी आणि पायाशी इन्सुलेशन पातळ केलेलं असतं, म्हणजे नेमकं जिथे शरीर भिंतीला टेकतं तिथेच गारठा. १८६ सेंटिमीटरच्या माणसाला उशी लावून, पाय सरळ सोडून झोपायचं असेल तर आडव्या बिछान्यात एक-दोन रात्री निघतील; तीन आठवडे निघणं कठीण. आणि आतल्या बाजूला झोपलेल्याला रात्री उठायचं झालं तर दुसऱ्याला ओलांडूनच खाली यावं लागतं. चाळिशीनंतर ही छोटी गोष्ट राहत नाही.

उभा बिछाना, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने दोन वेगळ्या गाद्या आणि मधे पायरी, यासाठी साधारण ६.३६ मीटरची गाडी लागते. लांबी १.९० ते २ मीटर मिळते, दोघं एकमेकांना न उठवता उतरू शकतात, आणि मधली पट्टी टाकली की सगळा मिळून एक मोठा पलंगही होतो. डावी-उजवी गादी अनेकदा सारख्या लांबीची नसते, कारण एका बाजूला न्हाणी किंवा कपाट पुढे आलेलं असतं. लांब गादी तुमची.

तिसऱ्या बिछान्याकडे लोक सगळ्यात कमी लक्ष देतात. मुलीसाठी चार रस्ते आहेत. वर उघडणारं छत, ड्रायव्हरच्या मागे एखादा लहान टांगता पलंग, मोठ्या आडव्या बिछान्यावर दुसरा मजला, किंवा पुढची सीट फिरवून जेवणाच्या टेबलाच्या जागी रोज रात्री मांडायचा बिछाना. उघडणारं छत मुलांना प्रचंड आवडतं आणि उन्हाळ्यात ते खरंच छान असतं. पण त्याच्या भिंती कापडाच्या. बर्फात खालचा हीटर चालवलेली ऊब तिथून निघून जाते, वारा सुटला की कापड रात्रभर फडफडतं, आणि वजनात शंभर किलोच्या घरात भर पडते. तुम्ही हिवाळ्यात जाणार म्हणता, तर मुलीची खालची झोपायची सोय झालीच पाहिजे. टेबलाच्या जागी केलेला बिछाना साधारण १.६० ते १.८० मीटर लांब होतो. आज तिला पुरेल. पाच-सहा वर्षांनी तीच तुमच्याएवढी होईल हे लक्षात असू द्या. ही गाडी तोवर ठेवणार असाल तर उन्हाळ्यात तिच्यासाठी बाहेर छोटा तंबू हा सगळ्यात स्वस्त आणि हलका उपाय आहे, आणि त्या वयातल्या मुलीला तो हवाहवासाही वाटतो.

झोपण्याच्या जागा आणि पट्टा असलेल्या सीट हे दोन वेगळे आकडे आहेत, तेही तपासा. मागच्या बाकावर दोन पट्टे असतात, पण पाठ बहुधा ताठ आणि बैठक आखूड. मुलीला बूस्टर सीटसकट त्या बाकावर अर्धा तास बसवून बघा. पाय कुठे टेकतात, खिडकीतून बाहेर दिसतं का, हीटरची गरम हवा तिथपर्यंत येते का? मोठ्या सहलीत सगळ्यात जास्त तास त्या जागेवर तीच काढणार आहे.

एक परीक्षा प्रत्येक गाडीत करा. विक्रेत्याला नम्रपणे बाहेर थांबायला सांगा आणि सरकतं दार लावून घ्या. तिघांनी मिळून टेबल काढा, सीट फिरवा, सगळे बिछाने रात्री असतात तसे लावा आणि झोपा. मग तुमच्यातल्या एकाने अंधारात उठल्यासारखं करून न्हाणीपर्यंत जायचं, दार उघडायचं, आत बसायचं, परत यायचं. मुलीचा बिछाना लागल्यावर न्हाणीचं दार पूर्ण उघडत नाही, फ्रिजपर्यंत हात पोचत नाही, किंवा पुढच्या सीटवर टाकलेल्या बॅगा आता कुठेच मावत नाहीत, या गोष्टी या दहा मिनिटांत समजतात. सरळ उभं राहूनही बघा. मध्यम उंचीच्या डुकाटोत पत्र्याच्या आत १.९३ मीटर मिळतात. फरशी आणि छताचं अस्तर धरून १.९० च्या खालीच. तुम्हाला पुरेल, पण जेमतेम, आणि दिव्याखाली किंवा छताच्या खिडकीच्या चौकटीखाली डोकं लागू शकतं.

आता वजन. इथे मी जरा सविस्तर लिहितो, कारण गैरसमज सगळ्यात जास्त इथेच आहेत.

युरोपात साध्या बी परवान्यावर (मोटारीच्या नेहमीच्या परवान्यावर) ३,५०० किलोपर्यंतची गाडी चालवता येते, म्हणून बहुतेक कॅम्परव्हॅन कागदावर त्याच मर्यादेत बसवलेल्या असतात. माहितीपत्रकात ‘चालू स्थितीतलं वजन’ असा आकडा असतो. त्यात ७५ किलोचा ड्रायव्हर, ९० टक्के भरलेली इंधनाची टाकी, गॅसची टाकी आणि थोडं पाणी धरलेलं असतं. थोडं म्हणजे किती? टाकी शंभर लिटरची असली तरी अनेक कंपन्या प्रवासासाठी म्हणून वीसेक लिटरच धरतात, म्हणजे कागदावर गाडी ८० किलोंनी हलकी.

एक उदाहरण मांडू. चालू स्थितीतलं वजन २,९५० किलो धरा, म्हणजे मर्यादेपर्यंत ५५० किलो हातात. ऑटोमॅटिक गिअर, बाहेरची गुंडाळती ताडपत्री, सोलर पॅनेल, दुसरी बॅटरी, सायकल अडकवायचा रॅक असं मिळून ९५ गेले, उरले ४५५. पत्नी आणि मुलगी मिळून १०० धरा आणि तुम्ही ७५ ऐवजी ९० किलोचे असाल तर त्याचे १५: उरले ३४०. पाण्याची टाकी पूर्ण भरली, ८० गेले. गॅसची दुसरी पोलादी टाकी २५. तीन सायकली ४०. आता १९५ उरलेत आणि गाडीत अजून एक चमचासुद्धा ठेवलेला नाही. अंथरूण-पांघरूण, कपडे, भांडी, किराणा, खुर्च्या-टेबल, विजेची केबल, पाण्याचा पाइप, चाकाखालच्या पाचरी हे सगळं तिघांचं १५० किलोंत बसलं तर नीटनेटकं म्हणायचं. उरले ४५. आणि नियमानुसार प्रत्यक्ष गाडीचं वजन छापील आकड्यापेक्षा ५ टक्क्यांपर्यंत कमी-जास्त असू शकतं, म्हणजे या गाडीत जवळपास १४८ किलो. गाडी त्यातली शंभरच किलो जड निघाली तरी तुम्ही घरातून निघतानाच मर्यादेच्या ५५ किलो वर आहात. थंडीतले जाड कपडे आणि बर्फाच्या साखळ्या तर अजून मोजल्याच नाहीत.

सामानासाठी किमान किती वाव ठेवावा याचा युरोपीय नियम आहे: माणसांची संख्या अधिक मीटरमधली लांबी, गुणिले १० किलो. चार सीटच्या ६.३६ मीटर गाडीला हे फक्त १०४ किलो येतं. म्हणजे ‘नियमात बसते’ या वाक्यावर समाधान मानू नका. तिघांच्या लांब सहलीसाठी, गाडीतच बसवलेल्या सगळ्या जास्तीच्या वस्तू धरून, माणसं आणि पाणी चढल्यावर किमान २५० किलो उरले पाहिजेत, असा माझा आग्रह असतो.

वापरलेली गाडी असेल तर वजनकाट्यावर नेल्याशिवाय सौदा करू नका. पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल (चाकांचा आस) वेगवेगळा तोला. ६.३६ मीटरच्या गाडीत मागच्या चाकांच्या मागे बराच भाग बाहेर येतो. त्यात सायकली, पाणी आणि अवजारं भरली की एकूण वजन मर्यादेत असूनही मागचा अ‍ॅक्सल ओव्हरलोड झालेला असतो. डुकाटोच्या दोन चौकटी (चासी) मिळतात, हलकी १५ इंची चाकांची आणि ‘मॅक्सी’ नावाची जड १६ इंची चाकांची. मॅक्सी स्वतः थोडी जड असते, पण तिचे ब्रेक आणि स्प्रिंग मोठे असतात, आणि पुढेमागे ३,५०० च्या वरचं वजन कागदावर चढवायचं ठरलं तर वाट मोकळी राहते. अर्थात त्या वजनाला परवाना, टोल आणि वेगमर्यादा बदलतात. ते आधी बघून घ्या.

हिवाळ्याबद्दल. दुकानात ‘चारही ऋतूंसाठी’ असं लिहिलेलं असतं; तुम्ही ईएन १६४६ या युरोपीय मानकातला तिसरा वर्ग मागा. त्या चाचणीत बाहेर उणे १५ अंश असताना गाडी आत २० अंशांपर्यंत तापवावी लागते आणि पाण्याची यंत्रणाही चालली पाहिजे. मग वाकून गाडीखाली बघा. ताज्या पाण्याची टाकी आत असावी. सांडपाण्याची टाकी खाली लटकत असेल तर तिला इन्सुलेशन आणि गरम करायची सोय आहे का? नसेल तर टाकी गोठू नये म्हणून तिचा नळ उघडा ठेवून खाली बादली हाच उपाय उरतो. तो चालतो, फक्त तयारी असावी. ट्रुमा कंपनीच्या कॉम्बी हीटरमध्ये (हवा आणि पाणी दोन्ही तापवणाऱ्या) गरम पाण्याची १० लिटरची टाकी असते आणि थंडीत ती फुटू नये म्हणून सुमारे ३ अंशांना पाणी आपोआप सोडून देणारा व्हॉल्व्ह. गाडी थंड ठेवून टाकी भरायला गेलात तर भरलेलं सगळं पाणी गाडीखाली वाहून जातं आणि नवीन माणूस गळती शोधत बसतो. आधी हीटर लावा, गाडी उबदार होऊ द्या, मग पाणी भरा.

गॅसवरचा हीटर शांत आणि स्वच्छ चालतो, पण कडक थंडीत टाकीत प्रोपेनच हवा. ब्युटेन शून्याच्या आसपासच वायू व्हायचं थांबतं, प्रोपेन उणे ४२ पर्यंत चालतो. शिवाय बर्फात ११ किलोची टाकी भराभर संपते. डिझेलचा हीटर गाडीच्याच टाकीतून पितो, त्यामुळे मोठ्या सहलीत चिंता कमी. आवाज थोडा जास्त. १,५०० मीटरच्या वर जाणार असाल तर उंचीवर चालण्यासाठीचा संच आहे ना, हे विचारा. नसेल तर हीटर काजळी धरतो आणि नेमका डोंगरावर बंद पडतो.

इन्सुलेशन नुसतं ‘आहे’ हे पुरेसं नाही. पत्र्याला घट्ट चिकटलेला, बंद पेशींचा फोम हवा. मागे हवेची पोकळी राहिली तर तिघांच्या श्वासाची वाफ तिथे जाऊन पत्र्यावर पाणी धरते. वरून काही दिसत नाही आणि काही वर्षांनी वास येतो. एखादा दिव्याचा खटका किंवा कपाटाची मागची फळी उघडून बघायची परवानगी मागा. मी मागच्या दाराचं अस्तर जरूर उघडतो. घाई झालेला कारागीर पहिला तिथेच हात आखडता घेतो.

बाकीचं झरझर. बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची घ्या: शंभर अँपिअर-अवरची सुमारे १२ किलोची असते आणि जवळजवळ पूर्ण वापरता येते, तेवढ्याच क्षमतेची एजीएम (शिशाची) तीसेक किलोची आणि निम्मीच वापरायची. कॉम्प्रेसर फ्रिज दिवसाला साधारण ३० ते ५० अँपिअर-अवर खातो, त्यावरून किती दिवस थांबता येईल ते काढा. बर्फातल्या आखूड दिवसांत सोलरवर विसंबू नका, गाडी चालताना बॅटरी भरणारा चार्जर असलाच पाहिजे. न्हाणी छोटी असली तर चालते, पण तुम्ही दार लावून आत बसू शकला पाहिजेत. तुमच्या गुडघ्यांना जागा मिळते का तेवढं बघा. ओटा सरकत्या दारासमोर फार पुढे आला तर आत-बाहेर करणाऱ्याची रोज अडचण होते.

आता कंपनी. फियाट डुकाटो, प्युजो बॉक्सर आणि सिट्रोएन जंपर या एकाच आराखड्यावरच्या सख्ख्या गाड्या आहेत, अनेक वर्षं इटलीतल्या अटेसा इथल्या एकाच कारखान्यात बनलेल्या. २०२१ पासून ओपेल मोव्हानोही त्यांच्यात आली. पुढच्या चाकांना ताकद असल्यामुळे त्यांची फरशी खाली असते आणि उभं राहायला जागा मिळते. याची उणीव चढावर जाणवते: मागे सामान भरलेलं आणि खाली ओलं गवत असेल तर पुढची चाकं फिरत राहतात. स्प्रिंटर, ट्रान्झिट आणि क्राफ्टर मागच्या किंवा चारही चाकांना ताकद असलेल्याही मिळतात. डोंगरातल्या कच्च्या वाटांवर नेहमी जाणाऱ्याला मी त्या सुचवतो. तुम्ही वर्षातून एकदा साफ केलेल्या रस्त्याने बर्फात जाणार. त्याला चांगले हिवाळी टायर आणि साखळ्या पुरतात. ज्या गाडीची दुरुस्ती तुमच्या वाटेवर सगळीकडे होते ती घ्या.

वापरलेल्या गाडीत खिडक्या कापलेल्या कडा आधी बघा. कापलेल्या पत्र्याला गंजरोधक लावलेला नसेल तर रबराखाली गंज धरतो. टायरवरचे चार आकडे वाचा, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. कमी चाललेल्या गाडीचे टायर नक्षीने नवे आणि वयाने म्हातारे असतात. गॅसच्या तपासणीचा कागद नसेल तर ती तपासणी सौद्याआधी करून घ्या.

तुम्हा तिघांसाठी माझं उत्तर ६.३६ मीटर, डुकाटोच्या घराण्यातली, शक्यतो मॅक्सी चौकटीची, मागे उभे दोन बिछाने, पुढे मुलीसाठी टेबलाच्या जागी होणारा बिछाना, वर उघडणारं छत नको, हीटर डिझेलचा. ५.४१ तिघांना पुरणार नाही, आणि ५.९९ मध्ये तुमचे पाय मावणार नाहीत. घराजवळची जागा किंवा नेहमीची फेरी सहा मीटरच्या आतच अडकवत असेल, तर मात्र क्राफ्टरवर बांधलेली फोक्सवॅगनची ग्रँड कॅलिफोर्निया ६०० जाऊन बघा. तिच्यात मुलांसाठी पुढे वरच्या बाजूला वेगळा बिछाना मिळतो. तिचाही मोठा बिछाना आडवाच आहे, म्हणून झोपून बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका, आणि वजनाचं गणित तिलाही तितक्याच काटेकोरपणे लावा.

घेण्याआधी अशाच मांडणीची गाडी पावसाळी किंवा थंड आठवड्यात भाड्याने घ्या. उन्हातली सहल सगळ्याच गाड्यांत छान होते. आणि नवी गाडी नोंदवताना, तुम्ही निवडलेल्या सगळ्या वस्तूंसकट प्रत्यक्ष वजन किती येईल हे करारावर लिहून मागा. विक्रेता ते लिहून द्यायला तयार नसेल तर दुसरीकडे जा.